उष्टी हवा

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आई कुकर उतरवायला उठली आणि तिचा उजवा हात तिचं ऐकेना. बाबा अंगणात होते. त्यांनी हाक मारली तेव्हा तिनं ओ दिली नाही, कारण ओ द्यायला तिच्याजवळ शब्दच उरला नव्हता. चंद्रपुरातून नागपूरला, तिथे दहा दिवस, आणि मग पुन्हा घरी. हात हळूहळू हलायला लागला, पाय तिला पलंगापासून मोरीपर्यंत न्यायला लागले. बोलणं मात्र परत आलं नाही. तिला सगळं समजत होतं, ते डोळ्यांवरून कळायचं. शब्द तोंडाशी यायचा, ओठ त्याचा आकार घ्यायचे, आणि तो परत जायचा.

एकच गोष्ट शाबूत राहिली होती, सकाळची वंदना. बाबांनी सुरुवात केली की आई ती शेवटपर्यंत न अडखळता म्हणायची, आणि वंदना संपली की पुन्हा मुकी व्हायची. लहानपणापासून पाठ असलेलं असं टिकून राहतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दिवसापासून बाबा वंदना सकाळ-संध्याकाळ म्हणू लागले. तिचा आवाज ऐकायचा तेवढाच एक उपाय होता.

मी तेव्हा पुण्यात होते. गेम तपासणं हे माझं काम. एखादा गेम बाजारात यायच्या आधी त्यातल्या प्रत्येक रस्त्यावरून चालायचं, प्रत्येक भिंतीला धडकून पाहायचं, कुठे जमीन फाटते, कुठे दार उघडत नाही ते लिहून कळवायचं. बाबांना हे काम कधी पटलं नाही. मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं त्यांना वाटायचं. शेजारी विचारत, तेव्हा ते "कॉम्प्युटरमध्ये हाये" एवढंच सांगत आणि विषय बदलत. घरून काम करायची परवानगी मला सहज मिळाली. मार्चच्या सुरुवातीला मी कपड्यांची एक बॅग आणि पाठीवर कॉम्प्युटर घेऊन घरी आले.

कॉम्प्युटर पाठीवर मावत होता, कारण तो होताच तेवढा. बुटांची दोन खोकी एकावर एक ठेवली तर जेवढी होतील तेवढा, काळ्या जाळीचा. पुण्यातल्या खोलीत तिघींचं सामान असायचं, म्हणून मी मुद्दाम असा छोटा बांधून घेतला होता. मोठ्या कॉम्प्युटरचं सगळं बळ त्याच्यात होतं, पण ते बळ इतक्या कमी जागेत दाटीनं बसवलेलं होतं की एका बाजूचं ग्राफिक्स कार्ड आणि दुसऱ्या बाजूचा प्रोसेसर यांच्यात बोटही शिरत नसे. पुण्यात तो कुरकुरायचा, पण चालायचा. चंद्रपूरचा उन्हाळा त्यानं पाहिलेला नव्हता.

आमच्या घरात कूलर एकच, मधल्या खोलीच्या खिडकीत. वरच्या मजल्यावर स्लॅब असा तापतो की दुपारी गादीला हात लावला तर इस्त्री केल्यासारखी लागते. म्हणून आईचा पलंग मधल्या खोलीत होता, आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीतल्या फळ्यांच्या कपाटात, मी माझा कॉम्प्युटर बसवला. पलंगावरून आईला माझ्या मॉनिटरचा पडदा दिसायचा. दिवसभर ती कुशीवर वळून त्याच्याकडे पाहत राहायची.

मार्च निभला. एप्रिलमध्ये दुपारी खोलीतलाच पारा चाळिशीला टेकू लागला आणि यंत्र ओरडायला लागलं. ओरडणं म्हणजे एकसारखं नाही. गेममध्ये मोकळं मैदान आलं की पंखे शांत व्हायचे, झाडी आली की एकदम किंचाळायचे, पुन्हा उतरायचे, पुन्हा चढायचे. कूलरचाही आवाज मोठाच होता. पण तो सारखा असायचा, आईला त्याची सवय होती. ही चढउतार मात्र तिला सोसत नव्हती. पंखे चढले की ती डावा हात कानावर ठेवायची आणि डोळे मिटून घ्यायची.

त्याहून वाईट गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. आईला बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, नागपूरहून आठवड्यातून दोनदा फोनच्या पडद्यावर भेटायच्या. त्या चित्र दाखवायच्या आणि आईनं नाव सांगायचं. त्यांनी आम्हाला ताकीद दिली होती की तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका, कितीही वेळ लागला तरी थांबा, आणि खोली शांत ठेवा. एका दुपारी आई मला काहीतरी सांगू पाहत होती. ओठ हलले, गळ्यातून बारीक आवाज निघाला, आणि तेवढ्यात माझ्या मागे पंखे चढले. मी "काय गं?" म्हणेपर्यंत ती थांबली होती. तिनं मान हलवली, काही नाही, आणि भिंतीकडे तोंड केलं.

ती काय म्हणणार होती ते मला कधीच कळलं नाही. त्या दिवशी मी काम बंद करून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

मग मी माझ्या अकलेनं उपाय सुरू केले. पंख्यांचा वेग कमी केला. आवाज थांबला, आणि वीस मिनिटांत यंत्र स्वतःच बंद पडलं, जीव वाचवायला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. तेव्हा मी ते कपाटातून काढून एका स्टुलावर थेट कूलरच्या तोंडासमोर ठेवलं. दोन दिवस मी स्वतःवर खूश होते. तापमान उतरलं, आवाजही. तिसऱ्या दिवशी बाबा आईचं औषध द्यायला आले, स्टुलापाशी थांबले, आणि जाळीवरून बोट फिरवून त्यांनी ते मला दाखवलं. बोट ओलं होतं. जाळीवर पांढरे ठिपके बसले होते, आमच्या बोअरच्या पाण्यातल्या क्षाराचे, जे कूलरच्या टाकीलाही बसतात.

"हे पाणी आत गेलं तं काय होते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "जळेल."

त्यांनी यंत्राची वायर काढली, स्वतःच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं जाळी पुसली, आणि ते उचलून परत कपाटात ठेवलं. मग पुढ्यात खुर्ची ओढून बसले. बाबा माझ्या कॉम्प्युटरसमोर बसल्याचं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

इथे बाबांचं काम सांगायला हवं. ते निवृत्त होईपर्यंत जमिनीखालच्या कोळसा खाणीत होते. कोळसा काढायला नव्हे, हवेच्या कामाला. खाणीच्या तोंडाशी एक प्रचंड पंखा चोवीस तास चालतो. तो खालची हवा ओढून बाहेर फेकतो, आणि तिच्या जागी दुसऱ्या वाटेनं ताजी हवा आत शिरते. ती प्रत्येक बोगद्यात पोचते की नाही, कुठे अडते, कुठे चुकीच्या फटीतून निसटून जाते, हे पाहत बाबा रोज मैलोन्‌मैल चालायचे. हातात हवा मोजायचं छोटं चक्र असायचं. लहानपणी मला एवढंच ठाऊक होतं की बाबा खाली जातात आणि काळे होऊन वर येतात. ते खाली काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि मी पुण्यात काय करते हे त्यांनी विचारलं नव्हतं. त्या बाबतीत आमची बरोबरी होती.

"चालू कर," ते म्हणाले. "आन् उदबत्ती आण."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यांनी उदबत्ती पेटवली, कूलर दोन मिनिटांसाठी बंद करायला लावला, आणि ती यंत्राच्या बाजूला धरली. धूर सरळ जाळीत ओढला गेला. मग त्यांनी ती वर धरली. तिथून गरम हवा जोरात बाहेर पडत होती. धूर वर उडाला, फळीच्या तळाला आपटला, मागे वळला, भिंतीला लागून खाली आला, आणि मी पाहत असतानाच पुन्हा बाजूच्या जाळीतून आत गेला.

बाबांनी उदबत्ती विझवली. "पायलं? हे आपलीच उष्टी हवा खाऊन राह्यलं. पंखा काय करन बिचारा?"

इतकं साधं होतं ते. महिनाभर मी पंख्यांना दोष देत होते. खाणीतही असंच होतं, असं त्यांनी मग सांगितलं. येणारी हवा आणि जाणारी हवा एकमेकींना भेटली की खाली माणसं गुदमरतात, मग वर पंखा कितीही मोठा लावा. म्हणून दोघींच्या मध्ये भिंत घालतात, भिंत नसेल तिथे जाड कापडाचा पडदा लावतात. सांगताना त्यांचे हात हवेत बोगदे काढत होते. आई पलंगावरून पाहत होती. तिला हे सगळं ठाऊक असणार, तीस वर्षांच्या संसारात तिनं ऐकलं असणार. नवीन होतं ते मला.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस बाबा कामावर असल्यासारखे वागले. सकाळी न्याहारी झाली की सदऱ्याच्या बाह्या दुमडून हजर. आधी आम्ही यंत्र अंगणात नेऊन उघडलं. आतल्या जाळ्यांवर आमच्या गावची काळी धूळ बसली होती, आणि तिच्यात शेजारच्या गादीवाल्याच्या दुकानातून उडून आलेला कापूस गुंतला होता. मी जुन्या टूथब्रशनं झाडत होते, बाबा सायकलच्या पंपानं हवा मारत होते. पंख्याचं पातं उलटं फिरू नये म्हणून ते बोटानं धरून ठेवायला मी त्यांना सांगितलं. त्यांनी इतकं हळू धरलं, जसं आईचा आखडलेला हात ते रोज तेल लावताना धरत.

मग जागा. कपाटातून यंत्र कायमचं बाहेर आलं. स्टुलावर, भिंतीपासून हातभर दूर, कूलरच्या झोताच्या कडेला, जिथे गार हवा पोचते पण तुषार पोचत नाहीत. ती जागा बाबांनी आरशानं शोधली. आईचा हातातला आरसा वेगवेगळ्या ठिकाणी पाच-पाच मिनिटं धरून ते पाहायचे, काचेवर ठिपके येतात का. यंत्राच्या वरच्या तोंडाला त्यांनी पुठ्ठ्याची तिरपी पट्टी बसवली, म्हणजे गरम हवा मागच्या खिडकीकडे जावी.

आणि तिथे ते थांबले. मागची खिडकी बंद होती.

कूलर असलेल्या खोलीत समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर ओली हवा आतच कोंडते आणि अंग चिकचिकतं. आमच्या भागात हे शाळेतल्या पोरालाही कळतं. ती खिडकी बाबांनीच बंद केली होती, आईला घरी आणलं त्याच दिवशी, तिला झळ लागू नये म्हणून. दोन महिने तिच्यावर पडदा होता. आयुष्यभर दुसऱ्यांची हवा मोजलेला माणूस खिडकीच्या कडीला हात लावून उभा राहिला. मग आईकडे न पाहता म्हणाला, "मले सुचलंच नाई. तुले इतके दिवस कोंडून ठेवलं."

आईनं डावा हात उचलून असा हलवला, जसा ती पूर्वी आमची फालतू बडबड उडवून लावायला हलवायची. बाबांनी खिडकी उघडली. खोलीतली हवा हलली. तासाभरात यंत्राचं तापमान उतरलं, पण त्याआधी आईच्या मानेवरचा घाम वाळला.

राहिलेलं काम माझं होतं. हवेची वाट मोकळी झाली, पण पंख्यांची चढउतार अजून होती. बाबांनी मला एक प्रश्न विचारला, तो मला स्वतःला सुचायला हवा होता. ते म्हणाले, हे एवढं तापते काऊन? काम किती करते? मी त्यांना सांगितलं की पडद्यावर दर सेकंदाला दीडशेच्या वर चित्रं निघतात, म्हणून सगळं इतकं गुळगुळीत दिसतं. त्यांनी विचारलं, कमी निघाली तर तपासता येत नाही का? येत होतं. साठ पुरत होती. जास्तीची मी केवळ यंत्राची ताकद आहे म्हणून काढत होते. मी साठावर मर्यादा घातली. कार्डाला जाणारा विजेचा दाब थोडा थोडा उतरवत गेले, जिथे ते अडखळेल त्याच्या जरा आधी थांबले. आणि पंख्यांना एकच संथ वेग बांधून दिला, गरमी जरा वरखाली झाली तरी न बदलणारा. संध्याकाळपर्यंत यंत्राचा आवाज कूलरच्या आवाजात असा मिसळला की ते चालू आहे हे मला दिवा पाहून कळायचं. आईच्या अभ्यासाच्या वेळी आम्ही कूलरही सर्वांत हळू करायचो, आणि तरी ते निभावून न्यायचं.

मे महिना असाच गेला. बाहेर शेहेचाळीस, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आमच्या मधल्या खोलीत मी एका बर्फाळ दरीत चालत होते. त्या गेमचं नाव मी सांगू शकत नाही, तो तेव्हा अर्धवटच होता. पाइनची झाडं, पांढरे डोंगर, आणि दरीतून वाहणारी एक रुंद नदी. आईला ती दरी आवडली होती. मी दुसरीकडे वळले की ती पलंगाच्या कठड्यावर बोटानं टकटक करायची. नदी आली की थांबायची. तिचं माहेर चामोर्शीकडचं, वैनगंगेच्या काठावरचं. तिच्या बापाची धानाची बांधी नदीला लागून होती, आणि पोरवयात ती रोज दोनदा त्या पाण्यात उतरलेली. म्हणून मी दुपारचा एक तास नदीकाठीच चालायचे. कामाची यादी तशी लावून घेतली होती.

एका दुपारी बाबा खुर्चीत पेंगत होते. मी नदीच्या वळणावर एका खडकाला सगळ्या बाजूंनी धडकून पाहत होते. कठड्यावर टकटक झाली. मी वळून पाहिलं. आई उठून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.

मी माउस सोडून दिला. बाई सांगायच्या तसं काही न बोलता थांबले. किती वेळ गेला ठाऊक नाही. खोलीत सारख्या लयीतली घरघर तेवढी होती.

"पाणी," आई म्हणाली. मला वाटलं तिला तहान लागली. मी तांब्याकडे हात नेला, तर तिनं मान हलवली आणि पडद्याकडे बोट केलं. पुन्हा ओठ जुळले, सुटले. बाबा जागे झाले होते, पण त्यांनी हालचाल केली नाही.

"पाणी उलटं," ती म्हणाली.

मी पडद्याकडे पाहिलं. त्या नदीकाठी मी तीन आठवडे चालत होते. खडक तपासले, झाडं तपासली, काठावरची जमीन पावलापावलानं तपासली. पाण्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. वळणाच्या पलीकडे जमीन चढत होती, आणि नदीच्या लाटा त्या चढाकडे निघाल्या होत्या. वळणापाशी कोणीतरी प्रवाहाची दिशा उलटी लावली होती. नदीकाठी वाढलेल्या बाईला ते खटकलं होतं, आणि कोण जाणे किती दिवसांपासून ती ते सांगायचा प्रयत्न करत होती.

"हो आई," मी म्हणाले. "उलटं वाहतंय."

तिनं समाधानानं उसासा सोडला आणि उशीला टेकली. बाबा उठून मागच्या खिडकीपाशी गेले. पाठमोरेच उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "लिव्ह ते. कोणी सांगितलं तेही लिव्ह."

मी ती चूक कळवली. कोणी शोधली या रकान्यात 'आई' लिहिलं. पुण्याहून माझ्या वरिष्ठांचा निरोप आला की आईंना धन्यवाद सांग. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. बाबांनी तो पुन्हा वाचायला लावला.

त्यानंतर शब्द भराभर आले असं म्हणता येणार नाही. आले ते एकेक, रुसलेल्या पाहुण्यांसारखे, कधी दोन येऊन चार दिवस गायब. 'चहा' आला, माझं नाव आलं, बाबांना ती ज्या नावानं हाक मारायची ते आलं. त्या दिवशी बाबांनी वंदनेनंतर पुन्हा वंदना केली. जूनमध्ये उकाडा उतरला, कूलर बंद झाला, आणि आई काठी घेऊन ओट्यापर्यंत जाऊ लागली. तेव्हा ती दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलायची. काही शब्द चुकीचे यायचे, दाराला ती खूप दिवस 'पान' म्हणायची. आम्हीही म्हणायला लागलो.

दिवाळीनंतर मी पुण्याला परतले. यंत्र पाठीवर घेतलं, तेव्हा बाबांनी पुठ्ठ्याची पट्टी सोडवून वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. तिथल्या खोलीत ती लागणार नव्हती, पण मी नेली.

आता बाबा रोज संध्याकाळी फोन करतात. पूर्वी आमचं बोलणं अर्ध्या मिनिटात संपायचं. आता ते विचारतात, आज कुठे फिरलीस? मी सांगते, वाळवंटात, किंवा एका पडक्या किल्ल्यात, तिथे जिना चढला की माणूस हवेत लटकतो. ते लक्ष देऊन ऐकतात. मग यंत्राचा पारा विचारतात, "किती हाये आज?"

"सदुसष्ट, बाबा."

"बरं हाये. खिडकी?"

"उघडी आहे."

मागून आईचा आवाज येतो. आधी एक मोठी शांतता, बाबा श्वास रोखून थांबलेत हे मला इकडे कळतं. मग ती सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणते, "जेवली का... ते विचार."